जिलेबीचा रंग आला कुठून? हळद-कोकमापासून डांबरापर्यंतचा प्रवास

शहापूर, मुरबाड आणि तानसाच्या आसपासच्या गावांतून येणारे रुग्ण रंगांबद्दल बरेच प्रश्न विचारतात. "कावीळ झाली आहे, मग हळद बंद करू का?" "पोराने लाल गोळा खाल्ला आणि शी लाल झाली, रक्त तर नाही ना?" "जिलेबीतल्या रंगाने कॅन्सर होतो म्हणतात, खरं आहे का?" प्रश्न साधे आहेत, पण "रंग वाईट" किंवा "रंग चालतो" एवढं सांगून त्यांचं उत्तर पुरं होत नाही. पदार्थात रंग का घातला जाऊ लागला, तो कशापासून बनतो आणि त्यावर कायदा का करावा लागला, हे समजलं की आपल्या पोरांच्या हातात काय द्यायचं हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं. म्हणून आज थोडा इतिहास बघू.

आपल्या स्वयंपाकातले जुने रंग

आपल्या जेवणात रंग पूर्वीपासून आहे. डाळीला, पोह्यांना, पुरणाला हळद. सोलकढीला कोकम. सणाच्या श्रीखंडाला किंवा साखरभाताला परवडलं तर केशर. कालवणाचा लालभडक रंग मात्र आपण समजतो तेवढा जुना नाही. मिरची मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. शेंद्रीचं झाडही अमेरिकेतूनच आलं. त्याच्या बियांचा केशरी रंग आज जगभर लोणी आणि चीजमध्ये वापरला जातो.

रंगातली फसवणूकही जुनीच आहे. एक किलो केशरासाठी साधारण दीड लाख फुलं खुडावी लागतात, त्यामुळे केशर कायम महाग. मग करडईच्या वाळलेल्या पाकळ्या केशर म्हणून विकल्या जायच्या, आजही विकल्या जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल-तूप, मीठ, औषधं यांत सारख्या रंगाची दुसरी वस्तू मिसळणाऱ्याला दंड सांगितला आहे. म्हणजे गिऱ्हाईक डोळ्यांनी वस्तू पारखतं आणि तिथेच फसतं, हे त्या काळीही ठाऊक होतं.

नैसर्गिक रंगांची अडचण

हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तोच कपडा उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो. हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य अल्कलीत, म्हणजे साबण, चुना, सोडा यांत, लाल होतं आणि उन्हात विरतं. हळदीपासून कुंकू बनतं ते याच गुणामुळे. कोकमाचा लाल रंग आंबटपणावर टिकून असतो, त्यात खायचा सोडा टाकला तर तो निळसर-मळकट होतो. पालेभाजी जास्त शिजवली की तिचा हिरवा रंग जातो.

घरात ताजं करून लगेच खायचं असेल तर यात काही बिघडत नाही. पण माल महिनाभर दुकानाच्या काचेत ठेवायचा, उन्हातून जत्रेला न्यायचा आणि दर वेळी अगदी तसाच दिसायला हवा असेल, तर हळद-कोकम कामाचे नाहीत. न विटणारा आणि स्वस्त असा रंग व्यापाराला हवा होता.

इंग्लंडमध्ये ही गरज आधी भागवली गेली ती विषारी धातूंनी. १८२० मध्ये फ्रेडरिक अकम या रसायनतज्ज्ञाने लंडनमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. मुलांच्या मिठाईत शिशाचे आणि तांब्याचे रंग असतात, लोणची हिरवीगार दिसावीत म्हणून त्यांत तांबं असतं, हे त्याने उघड केलं. पुढे १८५० च्या दशकात आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली पदार्थ तपासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात भेसळीचे अहवाल छापले. त्यातून १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळीविरुद्धचा कायदा झाला.

डांबरातून निघालेले रंग

१८५६ मध्ये लंडनमधला विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरचं औषध बनवू पाहत होता. आपले आजी-आजोबा ज्याला कोयनेल म्हणायचे ते क्विनाइन. दगडी कोळशापासून गॅस काढताना उरणाऱ्या डांबरातून मिळणारं अॅनिलीन त्याने वापरलं. औषध काही तयार झालं नाही, पण हाती जांभळा रंग लागला. तो रेशमावर पक्का बसत होता आणि उन्हात विटत नव्हता. पहिला डांबरी रंग तो हाच.

अॅनिलीन या नावात आपला 'नील' शब्द दडलेला आहे. संस्कृत 'नीली' अरबीत गेला, तिथून पोर्तुगीजांनी 'अनिल' केला आणि निळीपासून पहिल्यांदा मिळालेल्या द्रव्याला अॅनिलीन म्हटलं गेलं. पुढे १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातल्या निळीच्या व्यापाराला उतरती कळा लागली. आज खाद्यपदार्थांत चालणारा 'इंडिगो कार्माइन' हा निळा रंग त्याच निळीचा रासायनिक भाऊ आहे.

तानसाचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं आणि आपल्या भागाचं पाणी मुंबईला जाऊ लागलं. त्याच काळात मुंबई बंदरात परदेशी अॅनिलीन आणि अॅलिझरीन रंग उतरत होते. ते होते कापडासाठी. पण जो रंग सुताला चढतो तो साखरेच्या पाकालाही चढतो, आणि पदार्थ रंगवायला तो अगदी थोडा लागतो. हे मिठाईवाल्यांच्या लक्षात यायला जगात कुठेच वेळ लागला नाही.

धोक्याच्या खुणाही लवकर दिसल्या. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचे कॅन्सर आढळले. १९३० च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवलं की 'बटर यलो' हा पिवळा रंग उंदरांना खाऊ घातला तर यकृताचा कॅन्सर होतो. नावाप्रमाणे हा रंग लोण्यासारखे पदार्थ पिवळे करायला वापरला जात असे. १९५० मध्ये अमेरिकेत हॅलोवीनच्या सणाला ऑरेंज १ या रंगाची मिठाई खाऊन अनेक मुलं आजारी पडली. तो रंग त्या वेळी तिथे मंजूर होता, फक्त मिठाईत त्याचं प्रमाण बेसुमार होतं. त्यानंतर मंजूर रंगांची पुन्हा तपासणी सुरू झाली.

रंग घालावा, अशी मागणी झाली तेव्हा

आपल्याकडे एकदा उलटंही झालं. पदार्थात रंग घालावाच, असं लोक म्हणू लागले.

१९३२ मध्ये मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याचा 'डालडा' पुढे घराघरांत गेला. वनस्पती तूप पांढरं, रवाळ आणि स्वस्त असल्यामुळे साजूक तुपात सहज मिसळता येत होतं. गांधीजींनीही या प्रकारावर टीका केली होती. वनस्पतीला ठळक रंग द्या म्हणजे भेसळ उघडी पडेल, ही मागणी स्वातंत्र्यानंतर संसदेपर्यंत गेली. पण असा रंग निरुपद्रवी हवा, कढईच्या उष्णतेत टिकायला हवा आणि भेसळ करणाऱ्याला काढून टाकता येऊ नये. या सगळ्या अटींत बसणारा रंग काही मिळाला नाही.

मग वेगळा उपाय निघाला. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तिळाच्या तेलावर प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल टाकलं की लालसर रंग येतो. साजूक तुपात तसा रंग दिसला तर वनस्पती मिसळल्याचा संशय घेता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही राज्यांनी लोण्याची नक्कल करणारं मार्गारिन गुलाबी रंगवायची सक्ती केली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ती रद्द केली.

या हकिकतीवरून एक गोष्ट समजते. रंग पदार्थाची ओळख पटवायलाही वापरता येतो आणि ओळख लपवायलाही. शिळी, हलकी किंवा दुसरीच वस्तू झाकायला रंग घातला की कायदा त्याला भेसळ म्हणतो.

कायदा काय सांगतो?

मुंबई प्रांतात १९२५ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. सगळ्या देशासाठी एकच कायदा १९५४ मध्ये झाला. त्याच्या जागी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ आला आणि २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. रंगांच्या बाबतीत पद्धत अशी आहे की मंजूर रंगांची यादी असते, यादीबाहेरचा कोणताही कृत्रिम रंग बेकायदा. यादी वेळोवेळी छोटीही झाली. अमरांथ हा लाल रंग पूर्वी चालायचा, अमेरिकेने १९७६ मध्ये तो बंद केला आणि आपल्या यादीतूनही तो गेला.

आज आपल्याकडे आठ कृत्रिम रंग मंजूर आहेत. पाकिटावर त्यांचे क्रमांक असतात:

- पिवळे-केशरी: टार्ट्राझीन (१०२), सनसेट यलो (११०)
- लाल: कार्मोइसीन (१२२), पॉन्सो ४ आर (१२४), एरिथ्रोसीन (१२७)
- निळे: इंडिगो कार्माइन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३)
- हिरवा: फास्ट ग्रीन (१४३)

हे रंगही फक्त ठराविक पदार्थांतच चालतात, आणि बहुतेक ठिकाणी मर्यादा आहे किलोमागे १०० मिलिग्रॅम. हळद, मिरची पूड, डाळी यांत कृत्रिम रंग घालायला परवानगीच नाही.

यादीबाहेरचे नेहमी सापडणारे रंग म्हणजे जिलेबी, लाडू, हळद आणि डाळींत मेटॅनिल यलो, गुलाबी 'बुढ्ढी के बाल'मध्ये ऱ्होडामाइन बी, मिरची पुडीत सुदान. हे कापड, कागद, चामडं, मेण यांसाठीचे रंग आहेत. सुदान रंगाची मिरची पूड भारतातून युरोपात गेल्याचं २००३ मध्ये उघड झालं, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशी मिरची वापरलेले शेकडो पदार्थ दुकानांतून काढून घ्यावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने ऱ्होडामाइन असलेल्या 'बुढ्ढी के बाल'वर बंदी घातली, तर कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर. गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही त्याच सुमारास गोबी मंचुरियनच्या गाड्यांना मनाई केली.

शरीरावर काय परिणाम होतो?

मंजूर रंग मर्यादेत खाल्ले तर बहुतेकांना काही होत नाही. काही जणांना टार्ट्राझीनमुळे अंगावर पित्ताच्या गांधी उठतात किंवा दमा वाढतो. अॅस्पिरिन न सोसणाऱ्यांत हे जास्त दिसतं. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउथहॅम्प्टनमध्ये सुमारे ३०० मुलांवर अभ्यास झाला. रंग आणि सोडियम बेन्झोएट यांचं मिश्रण घेतल्यावर काही मुलांचा चंचलपणा थोडा वाढला. त्यानंतर २०१० पासून युरोपात टार्ट्राझीन, सनसेट यलोसह सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसीनची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली, कारण जास्त मात्रेत नर उंदरांना थायरॉइडच्या गाठी झाल्या होत्या. माणसांत तसं दिसलेलं नाही, पण प्राण्यांत कॅन्सर करणारा रंग चालणार नाही, असा तिथला कायदा आहे.

मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइनची गोष्ट वेगळी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी यकृतासह इतर अवयवांना इजा केली आहे. त्यांची कोणतीही मात्रा खाण्यासाठी मंजूर नाही.

"नैसर्गिक" पिवळा दिसणारा रंगही विषारी असू शकतो. हळकुंड चकचकीत पिवळं दिसावं म्हणून त्यावर लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, चोळला जातो. शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ कायमची खुंटवतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत हे आढळलं. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, बाजारात पत्रकं लावली. २०२१ मध्ये असा एकही नमुना सापडला नाही. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबतं. आपल्या देशातही पाटणा आणि गुवाहाटीच्या बाजारांत शिसं असलेली हळद मिळाल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

जत्रेतला हिशोब

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. गुरांच्या बाजाराइतकीच गर्दी मिठाईच्या दुकानांवर असते. १५ किलो वजनाचं मूल धरा. सनसेट यलोची रोजची सुरक्षित मात्रा वजनाच्या किलोमागे ४ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला ६० मिलिग्रॅम. जिलेबीत नियमाप्रमाणे किलोमागे १०० मिलिग्रॅम रंग असेल तर ही मात्रा ओलांडायला त्याला ६०० ग्रॅम जिलेबी खावी लागेल. तेवढी काही ते खाणार नाही.

पण हलवायाने अंदाजाने दहापट रंग टाकला तर तीच मात्रा ६० ग्रॅममध्ये येते, म्हणजे एक-दोन जिलेब्यांत. शुद्ध रंगाची भुकटी असेल तर किलोला १०० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीपेक्षाही कमी, आणि ती मोजायला जत्रेतल्या दुकानात तराजू नसतो. एरिथ्रोसीनची सुरक्षित मात्रा तर किलोमागे फक्त ०.१ मिलिग्रॅम. आपल्या मुलाला दिवसाला दीड मिलिग्रॅम, जे मर्यादेतल्या १५ ग्रॅम मिठाईतही येतं.

मात्रा वजनावर ठरते. आपल्या पाड्यांवर पाच वर्षांचं पण तेरा किलोचं मूल काही दुर्मीळ नाही. शहरातल्या धष्टपुष्ट मुलाएवढीच मिठाई त्याने खाल्ली तर किलोमागे त्याच्या अंगात रंग जास्त जातो. शिवाय स्वस्त आणि भडक माल विकायला येतो तो याच मुलांच्या दारात: बॉबीच्या पिवळ्या नळ्या, लाल गोळा, रंगीत बडीशेप. वर्षातून एका जत्रेचं मला भय वाटत नाही. रोज शाळेबाहेर पाच रुपयांचा रंगीत खाऊ आणि घरी डाळ-भाताला नकार, याची मात्र काळजी वाटते.

मग काय करायचं?

- कावीळ झाली तर हळद बंद करायची गरज नाही. काविळीतला पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो, हळदीचा नाही. यकृताच्या तपासण्या आणि योग्य आहार महत्त्वाचा.
- तळहात पिवळे पण डोळे पांढरे असतील तर कारण बऱ्याचदा गाजर, पपई, भोपळा जास्त खाणं हे असतं. डोळे पिवळे असतील तर लगेच दाखवा.
- बीट किंवा लाल गोळा खाल्ल्यावर लघवी किंवा शी लाल होऊ शकते. एक-दोन दिवसांत थांबत नसेल, पोटात दुखत असेल किंवा ताप असेल तर रंग समजून सोडून देऊ नका.
- वर्षाचा मसाला कांडपावर नेताना फार चकाकणारी हळकुंडं घेऊ नका. मळकट, खडबडीत हळकुंडं घ्या आणि धुवून वाळवून मग दळा.
- हळदीची घरगुती चाचणी: ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद खाली बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर संशय घ्या. शिसं मात्र या चाचणीत कळत नाही. आम्ल टाकून करायच्या चाचण्या घरी करू नका.
- सुटा, नाव नसलेला "खायचा रंग" घेऊ नका. पाकिटावर रंगाचं नाव, क्रमांक आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघा.
- जीभ-ओठ रंगवणारा, हात धुऊनही न जाणारा खाऊ मुलांना देऊ नका. संशय आला तर ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात तक्रार करता येते.
- घरी गोड करताना हळद, केशर, बीटाचा रस, कोकम, पालक वापरा. रंग थोडा फिका येईल, आणि तो तसाच असायला हवा.

हलवाई रंग घालतात कारण गिऱ्हाईक फिकी जिलेबी उचलत नाही. साखरेच्या पाकातली मैद्याची जिलेबी रंगाशिवायही तेवढीच कुरकुरीत आणि तेवढीच गोड लागते. पुढच्या वेळी दुकानात बिनरंगाची जिलेबी मागून बघा. चार जणांनी मागितली की पाचव्यासाठी ती तयार असेल.